ताटी, वाळा आणि माजघर : थंड घराचे शब्द

मराठीत उन्हाळ्याच्या त्रासाला एकच शब्द नाही, आणि भाषेच्या वर्गात ही गोष्ट मला दरवर्षी उपयोगी पडते. गोव्याचा माणूस मे महिन्यात 'उकडतंय' म्हणतो. ग्वाल्हेरचा मराठी माणूस 'तापलंय' म्हणतो, 'झळा लागताहेत' म्हणतो, आणि घरच्या मराठीत हिंदी मुरलेली असेल तर सरळ 'लू चालली आहे' म्हणतो. बडोद्याकडे गुजरातीच्या शेजाराने 'बफारा' ऐकू येतो. इंदूरला आम्ही जूनच्या तोंडावर 'उमस' हा हिंदी शब्द बिनदिक्कत वापरतो. 'गदमदतंय' हा त्याचा नेमका मराठी जोडीदार आता माझ्या वर्गात दोघा-तिघांनाच ठाऊक असतो.

हे नुसते पर्याय नाहीत. उकडणे ही झाकण ठेवून, वाफेवर होणारी क्रिया आहे. तापणे हे तव्याचे. ज्या हवेत घाम वाळत नाही तिथे माणूस उकडला जातो, आणि ज्या हवेत घाम फुटल्या फुटल्या उडून जातो तिथे तो तापतो. म्हणजे आर्द्र उष्मा आणि कोरडा उष्मा हा भूगोलाच्या पुस्तकातला भेद बोलीने क्रियापदातच करून ठेवला आहे. पुढे घर थंड ठेवण्याच्या ज्या रीती येतात, त्याही याच भेदावर उभ्या आहेत. म्हणून या लेखात मी शब्द आणि रीत दोन्ही बरोबरच घेणार आहे. रीत समजल्याशिवाय शब्द समजत नाही, हा पदवीच्या वर्गांना जुने गद्य शिकवतानाचा माझा अनुभव. ललित लेखातली 'माजघरातली वाळ्याची थंडाई' वाचून एका हुशार विद्यार्थिनीने 'वाळा' म्हणजे पायातला दागिना, तो थंड लागतो, असे उत्तर लिहिले होते. तिच्या ओळखीचा वाळा तोच होता. दुसरा तिने कधी पाहिलाच नव्हता.

आधी थोडे विज्ञान, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त आणि गारवाही जास्त. तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून वारा घातला की पारा जिथवर उतरतो, ती या गारव्याची शेवटची पायरी. केवळ पाणी उडवून हवा त्याखाली जात नाही. हिशेब करून पाहावा. दुपारी ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता, असा मे महिन्यातला ग्वाल्हेरचा कोरडा दिवस घेतला तर ही पायरी सुमारे २२ अंशांवर येते. म्हणजे तब्बल वीस अंशांची जागा मिळाली. गोव्यात त्याच वेळी ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता धरली तर पायरी सुमारे २९ अंशांवरच अडते. अवघे चार अंश! ग्वाल्हेरला घराच्या दारावर पाणी मारणे ही चैन नसून शहाणपण आहे, आणि गोव्यात तेच केले तर घर आणखी उकडते. एकाच भाषेच्या दोन टोकांना थंड घराचे दोन वेगळे कोश का निर्माण झाले, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

कोरड्या टोकाचा मुख्य शब्द 'ताटी'. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला तो पहिल्यांदा भेटतो तो मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांत. रुसून झोपडीचे दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना धाकटी बहीण ताटी उघडायला सांगते, ही कथा सर्वांना माहीत असते. पण ताटी म्हणजे काय हे विचारले की वर्ग गप्प होतो. ताटी म्हणजे लाकडी फळ्यांचे भरभक्कम कवाड नव्हे. बांबूच्या कामट्या, काटक्या, गवत यांची बांधलेली हलकी चौकट, जी दाराशी उभी करायची, लोटायची, बाजूला सारायची. तिच्यातून वारा येतो, आवाज येतो. अभंगातल्या विनवणीचा सूर मला यामुळेच वेगळा ऐकू येतो. बोलणारी आणि रुसलेला यांच्यामध्ये भिंत नाही, विरळ काटक्या आहेत. आतल्याला सगळे ऐकू जाते आहे, हे तिला माहीत आहे.

हीच चौकट घेऊन तिच्यात गवताऐवजी वाळ्याची मुळे बसवली, ती भिजवून पश्चिमेच्या दारा-खिडकीला उभी केली, की झाली वाळ्याची ताटी. बाहेरची लू तिच्यातून गाळून आत येते तेव्हा तिची धग पाण्याने घेतलेली असते. हिंदीत या वस्तूला 'खस की टट्टी' म्हणत. टट्टी म्हणजे मुळात आडोसा. शेतात, अंगणात आडोशाला जाण्यावरून तो शब्द पुढे शौचासाठी रूढ झाला आणि मूळ अर्थ लाजून बाजूला झाला. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत 'वाळ्याची ताटी' न म्हणता 'खसचा पडदा' म्हणण्याची जी सवय आहे, तिच्यामागे हिंदी शेजाऱ्यांच्या कानांची भीडही असावी, असे मला वाटते. इंग्रजांनी मात्र हा शब्द 'टॅटी' म्हणून निःसंकोच उचलला. एकोणिसाव्या शतकात त्यांनी खिडकीत बसवायचे, हाताने फिरवायचे एक चाक केले. ओल्या ताट्यांच्या वेढ्यातून ते हवा आत ढकली. त्याला नाव दिले 'थर्मँटिडोट', म्हणजे उष्म्यावरचा उतारा. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याची नोंद आहे. हाताच्या चाकाऐवजी विजेचा पंखा बसवला की तो आपला डेझर्ट कूलर.

आणि इथे शब्दाने एक सुंदर वळण घेतले आहे. नागपूरकडे कूलरच्या तीन बाजूंना लावायच्या गवताच्या जाळीदार चौकटींना आजही 'ताट्या' म्हणतात. मार्च संपता संपता 'ताट्या बदलून घ्या' हे वाक्य तिथे घरोघर ऐकू येते. ज्या शब्दाचा अर्थ तेराव्या शतकातल्या कवितेसाठी तळटीप देऊन सांगावा लागतो, तोच शब्द विदर्भातला कूलर दुरुस्त करणारा कारागीर दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो. इंदूरच्या मुलांना मी हे सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही, कारण आमच्याकडे त्या चौकटीला 'कूलरची घास' म्हणतात. शिक्षकाने अभंग शिकवण्याआधी कूलर दाखवावा, असे माझे गंभीरपणे मत आहे.

वाळ्याविषयी थोडे अधिक. हे उंच वाढणाऱ्या एका गवताचे मूळ. संस्कृतात त्याला उशीर म्हणतात. 'शाकुंतला'च्या तिसऱ्या अंकात शकुंतलेसाठी नेला जाणारा लेप याच उशीराचा. तिच्या अंगाची काहिली उन्हाने झाली आहे असे इतरांना वाटते, खरे कारण वेगळे असते. घरासाठी वाळा वापरण्याची राजदरबारी नोंद 'आईन-ए-अकबरी'त सापडते. वाळ्याच्या खोल्या, म्हणजे खसखाने, उभारून त्यांवर पाणी मारले की उन्हाळ्यात हिवाळा उतरतो, अशा अर्थाचे कौतुक अबुल फजलने केले आहे आणि श्रेय अर्थातच बादशहाला दिले आहे. दरबारी इतिहासकारांची ती रीतच. वाळ्याला ओळखणाऱ्या सामान्य माणसाचे नाव कोण लिहून ठेवणार?

मराठीत दागिन्याचा वाळा आणि मुळाचा वाळा लिहायला-बोलायला अगदी एक असल्याने अर्थ संदर्भावरूनच लावावा लागतो. माठात टाकायची जुडी, पडदा, पंखा, सरबत यांच्या शेजारी आला तर तो मुळाचा. पंढरपुरात गुढी पाडव्यापासून मृगापर्यंत विठ्ठलाला चंदनउटी लावतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि वाळ्याचे पाणी असते. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेल्या कुंभाचे दान असते. देव, पाहुणा आणि वाटसरू या तिघांनाही गार करण्याची ही व्यवस्था होती, आणि तिच्यामुळे हे शब्द वर्षातून एकदा तरी ज्याच्या त्याच्या तोंडी येत. वापरण्याची रीत मात्र नेटकी असावी लागते. वाळा सतत ओला हवा. मध्येच कोरडा पडला तर ताटी नुसता आडोसा होते. एका बाजूने हवा आत घेतली तर दुसऱ्या बाजूने ती बाहेर जायला फट ठेवावी लागते, नाहीतर घरातच दमटपणा साठतो आणि तापायचे सोडून माणूस उकडायला लागतो. पावसाची पहिली ढगाळ दुपार आली की ताटी काढून ठेवायची. ज्यांना कूलर जूनच्या शेवटी 'काम करत नाही' असे वाटते, त्यांनी कारागिराला बोलावण्याआधी हवेकडे पाहावे.

माजघराकडे वळू. माज म्हणजे मध्य. मध्य, मज्झ, माज अशी त्या शब्दाची वाट. घराच्या पोटातली, बाहेरच्या भिंतीला न टेकणारी खोली ती माजघर. चहूबाजूंनी ओसरी, सोपा, स्वयंपाकघर, कोठी, म्हणजे चहूबाजूंनी हवेचे थर. शिवाय भिंती मातीच्या किंवा दगड-मातीच्या, हात-दीड हात जाडीच्या. जाड भिंतीतून उष्णता लगेच पार होत नाही. एक फुटी विटांच्या भिंतीला बाहेरची झळ आत पोचवायला साधारण नऊ-दहा तास लागतात, त्याहून जाड मातीच्या भिंतीला आणखी अधिक. दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत मध्यरात्र होते, आणि तोवर दारे उघडून बाहेरची गार हवा आत घेता येते. भिंत उष्णता थांबवत नाही, उशीर करते. आणि त्या उशिराचा फायदा घ्यायला घरातल्या माणसांना शिस्त लागते.

ती शिस्त भाषेत कशी उतरली आहे पाहा. दार सताड उघडे असते, अर्धे असते, किलकिले असते. दार लोटलेले असते, ओढून घेतलेले असते, कडी घातलेले असते. यांतल्या प्रत्येक अवस्थेला उन्हाळ्यात आपली वेळ होती. पहाटे सताड, ऊन अंगणात उतरले की लोटायचे, नऊनंतर ओढून घ्यायचे, मागच्या बाजूची एक खिडकी किलकिली ठेवायची, दिवेलागणीला अंगणात सडा पडला की पुन्हा सताड. माझ्या विद्यार्थ्यांच्या लिखाणात दार दोनच प्रकारचे असते, 'ओपन' आणि 'बंद'. याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. वातानुकूलित खोलीचे दार खरोखरच दोन प्रकारचे असते. मधल्या अवस्थांना काम उरले नाही, म्हणून त्यांचे शब्दही बसून आहेत.

याहून खोल जायचे तर तळघर. जमिनीच्या पोटात काही हात खाली गेले की तापमान वर्षाच्या सरासरीजवळ स्थिरावते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमराच्या मानमंदिरात जमिनीखाली दोन मजले आहेत. इंदूरपासून फार लांब नसलेल्या मांडूला चंपा बावडीला जोडलेल्या भूमिगत दालनांत उतरले की भर दुपारीही अंगावरचा घाम वाळतो. सहलीला गेलेल्या मुलांना मी तिथे खाली नेऊन पाच मिनिटे नुसते उभे करते. पाणी, दगड आणि सावली यांचे एवढे चांगले व्याख्यान मला देता येत नाही.

छप्पर मात्र प्रत्येक प्रदेशाने आपले वेगळे केले. मराठवाड्यात, सोलापूरकडे माळवद; लाकडी तुळयांवर काटक्या-फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. खानदेशात आणि वऱ्हाडात धाबे. जिथे पाऊस फार तिथे उतरते कौलारू छप्पर, आधी कुंभाराच्या हातची नळीची कौले आणि मग मंगळुरी कौल. हे नाव तसे अलीकडचे. बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली काढला, त्यानंतर ते पश्चिम किनाऱ्यावर पसरले. आमच्या माळव्यात रात्री गच्चीवर झोपण्याची चाल होती. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, ग्वाल्हेर २०० मीटरच्या आसपास. दिवसा दोन्हीकडे ऊन तेच, पण 'शब-ए-मालवा' हा जो रात्रीचा लौकिक आहे तो या उंचीचा आणि पठारावरच्या वाऱ्याचा. गच्चीवर संध्याकाळी पाणी मारायचे, तासाभराने गाद्या घालायच्या. 'मारणे', 'शिंपणे', 'सडा घालणे', 'शिडकावा करणे' ही चारही पाणी टाकण्याचीच क्रियापदे, पण चौघांचे पाणी वेगवेगळ्या मापाचे आहे.

आजच्या सिमेंटच्या स्लॅबने हे गणित उलटे केले. चार-पाच इंची स्लॅब तीन-चार तासांतच उष्णता आत सोडते. दुपारी दोनचे ऊन संध्याकाळी सहाला डोक्यावर येते, आणि माणूस कामावरून दमून घरी येतो ती वेळ घरातली सर्वांत तापलेली असते. तिथे पंखा लावला तर तो छतालगतचीच गरम हवा खाली ढकलतो. उपाय जुनाच आहे, छताला चुना देणे. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. (चुना 'देणे' आणि चुना 'लावणे' यांत विद्यार्थ्यांनी गल्लत करू नये, दुसऱ्याने घर थंड होत नाही, रिकामे होते.) अहमदाबादने २०१० च्या भीषण लाटेनंतर २०१३ साली उष्णता-कृती आराखडा केला, तो दक्षिण आशियातला पहिला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे पाच वर्षांचे धोरणच जाहीर केले. हैदराबादच्या मराठी शाळांना हा शब्दांचा धडा आयता मिळालेला आहे. 'कूल रूफ'ला मराठीत काय म्हणावे, यावर समित्या बसवण्याआधी मुलांना आजीला विचारून यायला सांगावे. 'चुन्याचं धाबं' असे उत्तर एखादे मूल नक्की आणील.

गोव्याबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण तिथले घर बंद होत नाही, उघडते. भिंत जांभ्या चिऱ्याची, छप्पर उंच आणि कौलांच्या फटींतून तापलेली हवा निसटू देणारे. मधे राजांगण, भोवती वसरी, बाहेर पडवी. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपल्यांची तावदाने असत. त्यांतून उजेड येतो पण झगझगाट येत नाही. वारा आरपार जावा हा एकच हट्ट. ग्वाल्हेरच्या घरातली बाई नऊ वाजता खिडकी ओढून घेते तेव्हा गोव्याची बाई ती उघडत असते, आणि दोघींचे बरोबर असते. पाठ्यपुस्तकातल्या 'उन्हाळ्यात घ्यावयाची काळजी' या धड्यात सगळ्यांना एकच सल्ला दिलेला असतो, तो या दोघींतल्या एकीला तरी चुकीचा ठरतो. माठाचेही तसेच. झिरपणाऱ्या माठाचे पाणी माळव्यात दात शिवशिवतील इतके गार होते, किनाऱ्यावर नुसते बरे होते. माठ जुना होऊन त्याची छिद्रे बुजली की तो कुठेच गार करत नाही, एवढे दोन्हीकडे समान.

आतापर्यंत लिहिले ते वाचून कोणी म्हणेल, हा वाड्यांचा कोश झाला. खरे आहे, आणि याबद्दल बोलले पाहिजे. आपल्या ललित गद्यात थंड माजघर येते. तिथला पंखा ओढणारा आणि ताटीवर दर अर्ध्या तासाने पाणी मारणारा येत नाही. चार वर्षांपूर्वी मी प्रथम वर्षाच्या वर्गाला घर थंड ठेवण्याचे दहा शब्द घरून गोळा करून आणायला सांगितले. वाड्यांतली नातवंडे ओसरी-माजघर घेऊन आली. एका मुलीने वहीत वर एकच शब्द लिहिला होता, 'पत्रा', आणि खाली वाक्य होते की आमच्या घरी थंड करण्याची वस्तू नाही, तापवण्याची आहे. मी तिला विचारले, मग दुपारी काय करता? तेव्हा शब्द येऊ लागले. पत्र्यावर तुराट्या टाकतो, त्यावर जुने गोणपाट; गोणपाट दुपारी दोनदा भिजवतो; पश्चिमेच्या कुडाला शेणमाती जाड लिंपतो; धाकट्या भावाला ओल्या फडक्यात गुंडाळून पिंपळाखाली नेतो. तुराटी, गोणपाट, कूड, लिंपणे. तिच्याकडे दहाच काय, चौदा शब्द निघाले. पत्र्यावर काटक्या आणि भिजलेले गोणपाट म्हणजे आडवी ताटीच की! फक्त ताटी हा शब्द तिच्यापर्यंत पोचलेला नव्हता आणि तिची तुराटी पाठ्यपुस्तकापर्यंत.

तेव्हापासून मी हा स्वाध्याय दरवर्षी देते, पण प्रश्न बदलले आहेत. 'शब्द आणा' असे सांगितले की मुले कोशातले शब्द आणतात. म्हणून आता मी विचारते : तुमच्या घरात दुपारी सर्वांत गार जागा कोणती आणि तिला घरचे काय म्हणतात? दार-खिडक्या कोण, किती वाजता लावते? पाणी कुठे टाकतात आणि टाकताना कोणते क्रियापद वापरतात? छतावर काय आहे? घरात झोपायला जागा पुरत नसेल तर बाहेर कोण झोपते? शेवटचा प्रश्न भाषेचा वाटत नाही, पण सर्वांत जास्त शब्द त्यानेच मिळतात : बाज, खाट, चटई, अंथरूण टाकणे, अंगणात पडणे, ओट्यावर लवंडणे. शब्दासोबत तो कोणाच्या तोंडून ऐकला, त्या व्यक्तीचे मूळ गाव कोणते आणि तिच्या घराचे छप्पर कशाचे, एवढे तीन तपशील लिहून घ्यावेत. हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू किंवा कोंकणी शब्द आला तर तो 'सुधारू' नये, तसाच नोंदवावा. इंदूरच्या मराठीतला 'उमस' हा इंदूरचा पुरावा आहे.

बेळगाव, बडोदे, हैदराबाद, पणजी इथल्या अध्यापकांनी हा स्वाध्याय एकाच उन्हाळ्यात, नवतपाच्या नऊ दिवसांच्या आसपास दिला, तर पाच-सहा केंद्रांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील. परीक्षा संपलेल्या असतात, मुले आजोळी असतात, आणि आजी दुपारी जागीच असते.